सर्व्हरची भैरवी

गाणं ऐकायला वीज लागते, ही गोष्ट तशी अलीकडची. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जानच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात चर काढत गेली, आणि पुढे त्या तबकड्या घरोघरी वाजल्या त्या चावी दिलेल्या स्प्रिंगवर. कुठे वायर नाही, कुठे प्लग नाही. गाणं तीनेक मिनिटांचं. ते संपता संपता बाई इंग्रजीतून स्वतःचं नाव खणखणीत सांगून मोकळ्या होत. तबकड्या छापायला जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून ही सोय. आज आम्ही ज्याला टॅग म्हणतो तो हाच. बाईंचा टॅग गाण्याबरोबरच मेणात कोरला गेला असल्यामुळे, लाईट गेली आणि तो पुसला गेला, अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

मग गाण्यात वीज आली. म्हणजे जाऊही लागली. विजेवरच्या रेकॉर्ड प्लेअरवर ख्याल रंगात आलेला असताना लाईट गेली की गवई एक लांबलचक मींड घेत तार सप्तकातून थेट खर्जात उतरायचे आणि तिथेच विसावायचे. काही गवयांचं तेवढंच खर्जाचं काम चांगलं होतं, असं आमच्या आईचं मत आहे. लाईट आली की तबकडी थांबली होती तिथून वर चढायची, कुणाला काही विचारायची नाही. ट्रान्झिस्टरला तर सेल घातले की झालं. विविध भारतीला आमच्या गावच्या फीडरशी काही देणंघेणं नव्हतं. कॅसेट मध्येच थांबली तरी फीत होती तिथेच राहायची. फार तर रोलरमध्ये गुंडाळली जायची, आणि मग पेन्सिल.

या सगळ्या यंत्रांचा एक गुण समान होता. मध्येच तोडलं तरी ती रागवत नसत. आता आमच्या घरात जे आहे ते रागावतं.

आमच्या घरात सर्व्हर आहे. हा शब्द ऐकून लोकांना थंडगार खोली आणि काचेचं दार आठवतं. प्रत्यक्षात माजघरातल्या फळीवर पत्त्यांच्या जोडाएवढी एक उघडी पाटी आहे, रास्पबेरी पाय नावाची, आणि तिच्या शेजारी खिशात मावेल अशी एक डिस्क. त्या डिस्कमध्ये वडिलांच्या कॅसेटी, तबकड्या, मागून आलेल्या सीड्या, सगळं फ्लॅक करून ठेवलं आहे. सीडीवरचं तासाभराचं गाणं सहाशे मेगाबाइटच्या पुढे जातं; फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्या जागेत बसतं आणि त्यातला एकही सूर कमी होत नाही. वाजवायचं काम लिरिअन नावाची एक फुकट आज्ञावली करते. तिचं कूळ जुनं आहे. आधी ती स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीची होती, २००६ साली ती कंपनी लॉजिटेकने घेतली, २०१२ च्या सुमारास लॉजिटेकने तिच्यासाठीची यंत्रं विकणं बंद केलं, आणि तरीही जगभरच्या हौशी लोकांनी ती मरू दिलेली नाही. अशा पोरक्या गोष्टींवर माझा जीव चटकन बसतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या सगळ्यात मौल्यवान काय, तर गाणी. ते खरं आहे. पण घाम गाळला तो नावांसाठी. इंटरनेटवरून सीडीची माहिती आपोआप येते म्हणतात. आली. पूरिया धनाश्रीच्या पुढे प्रकार म्हणून ‘वर्ल्ड म्युझिक’ आलं. गायकांची अक्षरवार यादी काढली तर निम्मा हिंदुस्थान ‘प’मध्ये, कारण सगळेच पंडित. उरलेले ‘उ’मध्ये, उस्ताद म्हणून. बायका ‘श्री’मध्ये, श्रीमती म्हणून. आणि वडिलांच्या कॅसेटींचा विषय तर वेगळाच. त्यांच्यावर त्यांच्या अक्षरात ‘बुवा, रात्रीची बैठक, तबला बरा’ एवढंच. कोण बुवा, ते आईला विचारायचं. तिने डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकायची आणि नाव सांगायचं. मग राग, ताल, बंदिश असं एकेक मी भरायचं. अशा किती संध्याकाळी गेल्या ते डिस्कलाच ठाऊक. त्याच बैठकांमधून आईची पहाटेची यादी तयार झाली: साडेपाचला एक भूपाळी, मग तीन अभंग ठरलेल्या क्रमाने, मग तोडी, आणि देवपूजा आटोपेपर्यंत पुढचं काही नाही. सर्व्हर ती रोज आपण होऊन लावतो. ही यादी म्हणजे आमच्या घराचं घड्याळ झालं.

आता राहतो कुठे ते सांगायला हवं. आम्ही चिपळूण तालुक्यात राहतो. घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला येतं, तिथल्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं. पुढे कोळकेवाडीलाही फिरवतं. कोयनेचे सगळे टप्पे धरले तर क्षमता दोन हजार मेगावॉटच्या आसपास जाते. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे वीज आमच्या डोक्यावरून मोठ्या टॉवरांनी निघून जाते आणि पाणी आमच्या पायाशी येतं. वाटणी कुणी केली कुणास ठाऊक.

पण खरं सांगायचं तर दोष द्यायला इथे फारसं कुणी सापडत नाही. अकरा हजारांची लाईन डोंगरातून, फणसा-आंब्याच्या फांद्यांतून येते. पहिला वळीव आला की कुठेतरी फांदी टेकते, कुठे झंपर उडतो, कुठे पिन इन्सुलेटरला तडा जातो. भर पावसात वायरमन खांबाखांबाने दोष शोधत जातो. रात्री अकराला विजेरी घेऊन रानात शिरणाऱ्या माणसाला फोन करून ‘कधी येणार?’ विचारणं मला तरी जमत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब झोपले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, देशभर बातमी झाली. आमच्या मुंबईच्या नातेवाइकांनी फोन करून ‘अरे, लाईट गेली!’ असं ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात आमच्याकडे फक्त जन्म-मृत्यूच्या बातम्या सांगतात.

वीज जाण्याचा सर्व्हरला नेमका काय त्रास होतो, हे समजून घ्यायला मला पुण्याच्या भाच्याचे बरेच फोन खर्ची घालावे लागले. वाजत असलेल्या गाण्याला सहसा काही होत नाही. ते नुसतं वाचलं जात असतं. वाचन मध्येच थांबलं म्हणून पुस्तकातली अक्षरं पुसत नाहीत. धोका असतो तो त्या क्षणी जे लिहिलं जात असतं त्याला. आणि हा संगणक दिवसरात्र काहीतरी लिहीत असतो: कुठलं गाणं किती वेळा वाजलं, कुठली यादी कुठपर्यंत आली. शिवाय तो थोडा आळशी आहे. लिहायचं ते लगेच डिस्कवर उतरवत नाही, स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने उतरवतो. लिनक्समध्ये ही सवड अर्ध्या मिनिटापर्यंत जाऊ शकते. त्या अर्ध्या मिनिटात लाईट गेली की स्मृतीतलं हवेत आणि डिस्कवरचं अर्धवट. ईएक्सटी४ सारख्या पद्धतीने मांडलेली डिस्क थोडी सावध असते; आपण काय बदलणार आहोत याची टाचणं ती आधी एका कोपऱ्यात करून ठेवते आणि उठल्यावर ती वाचून सावरते. दुकानातून नवी आणलेली डिस्क मात्र पुष्कळदा एक्सफॅटमध्ये मांडलेली असते, तिला ही टाचणाची सवय नाही. आणि रास्पबेरी पायचं सगळं बुद्धीचं भांडार ज्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतं, त्याच्या पोटात तर एक बारीकशी नोंद बदलायलाही बरीच मोठी हलवाहलव चालते. ती चालू असताना वीज गेली, की ज्याला आपण हातही लावला नव्हता तेही बिघडतं.

आमच्याकडे तसंच झालं. जूनच्या एका रात्री लाईट गेली, आली, चार सेकंदांनी गेली, पुन्हा आली. यातलं ‘पुन्हा’ हे सगळ्यात वाईट. लाईन चार्ज करून बघतात, ती टिकत नाही, परत प्रयत्न करतात. सर्व्हर प्रत्येक वेळी धडपडत उठायला लागतो, उठताना सगळ्यात जास्त लिहितो, आणि नेमका तेव्हाच पुन्हा आडवा होतो. सकाळी पाटीवरचा लाल दिवा जळत होता आणि हिरवा लुकलुकत नव्हता. म्हणजे वीज आहे, शुद्ध नाही. साडेपाचला भूपाळी झाली नाही. आईने पूजा केली ती घड्याळाकडे बघत. दुपारी नव्या कार्डावर सगळं उभं केल्यावर गाणी जशीच्या तशी निघाली, पण पहाटेची यादी गेली होती. “तुझ्या बापाचा ट्रान्झिस्टर अजून चालतो,” एवढंच आई म्हणाली आणि ताक घुसळायला बसली.

यूपीएस घ्यायचा असं ठरलं. चिपळूणच्या दुकानदाराने विचारलं, “लोड किती आहे साहेब?”

“दहा वॉट.”

त्याने माझ्याकडे जरा करुणेने पाहिलं. त्याच्याकडचा सगळ्यात लहान यूपीएस सहाशे व्हीएचा, म्हणजे तीनशे साठ वॉटच्या आसपासचा. आत बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी. हा डबा नुसता जागा राहण्यासाठी जेवढी वीज खातो तेवढ्यात माझा सर्व्हर जवळजवळ चालतो. “एवढ्याशा लोडला यूपीएस कशाला? पॉवर बँक लावा,” तो म्हणाला. दुकानदाराने स्वतःहून स्वस्त वस्तू सुचवली की माझा त्याच्यावर विश्वास बसतो, त्यामुळे मी त्याचं सगळं ऐकून घेतलं. राउटरसाठी मिळणारे छोटे लिथियमचे यूपीएसही त्याने दाखवले. सुबक, गुपचूप, शर्टाच्या खिशात जातील असे. पण त्यांची गोम भाच्याने आधीच सांगून ठेवली होती. लाईट गेली हे ते सर्व्हरला सांगत नाहीत. स्वतःतली वीज असेपर्यंत देतात आणि मग तेही अचानक जातात. लाईट सातला जाण्याऐवजी दहाला गेली, एवढंच काय ते झालं. कोकणात रात्रभर लाईट नसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून वजनदार डबाच घेतला, कारण त्याच्या पाठीला यूएसबीचं भोक होतं. त्यातून निघणारी वायर डब्याच्या मनातलं सर्व्हरला कळवते: लाईट गेली, बॅटरीवर आहे, बॅटरी संपत आली.

घरी डबा फळीवर चढवला तेव्हा आई बघत होती. “आता लाईट गेली तरी गाणं लागेल ना?”

“नाही आई. स्पीकर याच्यावर नाहीत.”

“मग हे कशाला?”

“सर्व्हर बंद करायला.”

“बंद करायला बॅटरी?”

“हो.”

“बंद तर तो आपोआप पडतोच की!”

यावर तांत्रिक उत्तरं माझ्यापाशी होती, पण आईसमोर ती टिकली नसती. शेवटी मी तिला मैफलीवर आणलं. म्हटलं, बुवा गात असताना मांडवाचे दिवे गेले आणि लोक उठून गेले, तर ती मैफल संपली का? आई म्हणाली, “छे, भैरवी झाली नाही तर संपली कशी?” तेच. या यंत्रालाही भैरवी लागते. कुठलाही प्रहर असो, उठण्यापूर्वी ती घ्यावीच लागते. वाजवणाऱ्यांना थांबा म्हणायचं, नोंदवहीतलं शेवटचं वाक्य पुरं करायचं, स्मृतीत धरून ठेवलेलं सगळं डिस्कवर उतरवायचं, डिस्क सोडवायची आणि मग तंबोरे खोळीत घालायचे. फार तर अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी ही शिशाची बॅटरी. आई थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मग ठीक आहे. पण फार महाग भैरवी आहे हो तुझी.”

डिस्कला मात्र स्वतःची भैरवी येते, हे मला मागाहून कळलं आणि तिच्याबद्दलचा आदर वाढला. फिरत्या तबकडीवर तिचं वाचणारं टोक कागदाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. वीज गेली आणि ते तबकडीवर टेकलं तर ओरखडा. म्हणून वीज तुटली की अजून गरगरत असलेल्या तबकडीची मोटर उलट जनित्र होते, त्या शेवटच्या गिरक्यांमधून थोडी वीज काढते आणि तेवढ्यावर टोक उचलून बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवते. आपल्याला ऐकू येतो तो एक ‘टक्’. बऱ्याच डिस्का अशा आणीबाणीच्या माघारींची संख्याही पोटात लिहून ठेवतात. आमच्या डिस्कचा तो आकडा भाच्याने पुण्यात बसून वाचला आणि विचारलं, “मामा, तुमच्याकडे वीज असते कधी?”

घरात इन्व्हर्टर आहेच, त्यावर सगळं का नाही लावलं, असं पुष्कळ जण विचारतात. लावून बघितलं. इन्व्हर्टर वीज पुरवतो, पण आमचा जुना, चौकोनी लाटांचा आहे. त्यावर अँप्लिफायर लावला की गाण्याच्या खाली एक ‘घुं’ सुरू होतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची. ही घरघर बहुतेक वेळा तिच्या दुपटीत, शंभर हर्ट्झला असते. पांढरी एक धरली तर मंद्र पंचम अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतो. म्हणजे इन्व्हर्टर पंचमच लावतो, पण किंचित चढा. कुणी पांढरी एकमध्ये गात असेल तर हा तंबोरा असह्य होतो. हे मी एकदा पाहुण्यांना समजावून सांगितलं, तेव्हापासून ते चहा झाला की लगेच निघतात.

यूपीएस आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. रात्री लाईट गेली, सर्व्हरने पाच मिनिटं वाट पाहिली, रीतसर भैरवी घेतली आणि झोपला. दहा मिनिटांनी लाईट आली. सर्व्हर उठेना. कारण यूपीएसमधून त्याला वीज सलग मिळतच होती. त्याच्या दृष्टीने काही गेलंच नव्हतं, मग आलं काय? हे यंत्र उठतं ते वीज तुटून पुन्हा आली तरच. म्हणजे ज्या घटनेपासून त्याला वाचवायला डबा आणला, तीच घटना त्याला जागं करायला लागते. त्यावरही तोड आहे. सर्व्हर झोपता झोपता यूपीएसला सांगून ठेवतो की मी गेलो की थोड्या वेळाने तूही वीज तोड, आणि बाहेरची लाईट परतली की दे. अशी बोलणी करणारी नट नावाची आज्ञावली फुकट मिळते. तिच्या मांडणीत भाच्याचे दोन रविवार गेले. त्यात त्याने एक विलंबही घातला: लाईट आल्यावर तीन मिनिटं टिकली तरच उठायचं. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला हे शहाणपण केव्हापासून आहे.

काही हौशी लोक या सगळ्या खटाटोपाला हसतात. त्यांचा सर्व्हर सुरू होताना सगळा संसार स्मृतीत चढवून घेतो आणि मग कार्डावर काही लिहीतच नाही. पायकोअरप्लेअर नावाची मांडणी तशी आहे. प्लग सरळ ओढला तरी त्याला काही वाटत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. पण त्यालाही यादी बदलली तर ती कुठेतरी लिहून ठेवावीच लागते, आणि आमच्या आईच्या यादीत दर एकादशीला बदल असतो.

विजांपुढे मात्र यूपीएसचं काही चालत नाही. परतीच्या पावसात आकाश फाटल्यासारखं कडाडायला लागलं की आम्ही जुन्या रीतीने सगळ्यांचे प्लग काढतो. पाण्यापुढेही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तळमजल्यावरच्या दुकानांमध्ये मालासकट सगळं बुडालं, दीडशेहून अधिक वर्षांच्या वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली. तेव्हापासून सगळ्या गाण्यांची एक नक्कल पुण्याला भाच्याच्या कपाटात असते, बंद डब्यात, वायरीविना. माझ्या मते सर्व्हरचं खरं संरक्षण ते कपाट आहे. फळीवरचा डबा त्याच्यापुढे किरकोळ. पण कपाटाविषयी चार लोकांत बोलता येत नाही.

आता एकच वाद शिल्लक आहे, तो भोंग्याचा. लाईट गेली की यूपीएस दर काही सेकंदांनी किंचाळतो. त्याच्या आवाजाचा कुठल्याही ज्ञात सप्तकाशी संबंध नाही. पहाटे भूपाळी थांबते आणि हा सुरू होतो, हे आईला अमान्य होतं, म्हणून एक आज्ञा देऊन तो बंद केला. परवा आईला चटणी वाटायची होती. माजघरात एकच प्लग मोकळा करता येण्यासारखा होता; तिने यूपीएसचा काढला आणि मिक्सर लावला. चटणी झाली, जेवणं झाली. दरम्यान यूपीएसला लाईट गेल्याचं कळलं, त्याने सर्व्हरला कळवलं, सर्व्हरने पाच मिनिटं वाट बघून शांतपणे भैरवी घेतली, आणि ठरल्याप्रमाणे डबाही झोपला. इतकं निर्दोष काम त्याने कुठल्याही वादळात केलं नव्हतं. भोंगा बंद असल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी भूपाळी झाली नाही तेव्हा आईच म्हणाली, “एवढा डबा आणलास, आणि तरी बंद पडलाच ना?”

मिक्सरसाठी वेगळा बोर्ड हवा यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं. इलेक्ट्रिशियनला निरोप दिलाय. गणपती झाले की येतो म्हणाला. कुठल्या वर्षीचे, ते विचारायचं राहून गेलं.